तर्काच्या सुलतानाची पदविका

२ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाच्या आयुष्याची टिपणं त्याने स्वतःच ठेवावीत. दुसऱ्यांनी ठेवली की त्यात सत्य शिरतं, आणि ते नेहमी अपुरं असतं.

प्रस्तुत परिस्थिती. एकवीस वर्षं इजिप्तमधल्या दमनहूरमध्ये माझा तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राचा क्लास आहे. एकशे ऐंशी प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन स्पीकर, आणि स्टेशनच्या भिंतीवर माझा तीन मीटर उंच फलक : ‘तर्काचा सुलतान, रऊफ सर’. आता वरून फर्मान निघालं आहे की या विषयांचे गुण एकूण गुणांत धरायचे नाहीत. जे एकूण गुणांत नाही ते आमच्या देशातल्या आईबापांच्या लेखी जगातच नाही. काल क्लासला नऊ मुलं होती. त्यातली दोन पंख्याखाली बसायला आली होती.

तेव्हा शाळेत नोकरी. कालव्याकाठच्या खाजगी शाळेचे मालक हाजी शौकी म्हणाले, सर, सामाजिक शास्त्रांची एक जागा तुमच्यासाठी जूनअखेरपर्यंत धरून ठेवतो, पण शिक्षणाची पदविका आणा, परवान्याशिवाय मला वर्गात माणूस उभा करता येत नाही. म्हणजे माशाने आता पोहण्याचा दाखला आणायचा.

घरी सांगितलं. बायको, सुहैर, मुलुखियाची पालेभाजी बारीक करत होती. ती सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. तिच्याकडे शिक्षणशास्त्राची चार वर्षांची रीतसर पदवी आहे. सुरा न थांबवता म्हणाली, बरं झालं, आता कळेल. काय कळेल, ते सांगितलं नाही. तिलाच ठाऊक नसावं.

३ ऑक्टोबर, सकाळी ११

संकल्प : रोज पाचला उठणे. पदविकेत पहिला येणे. प्राध्यापकांना शक्यतो न दुखावणे.
(आज उठायला साडेदहा झाले. संकल्प उठल्यानंतर केलेला असल्यामुळे भंग झालेला नाही.)

९ ऑक्टोबर

पहिलं व्याख्यान. बाई आहेत डॉ. मिरफत. आल्या आल्या आम्हा चव्वेचाळीस जणांना खुर्च्या गोलात मांडायला लावल्या. गोलात मागची रांग कुठली ते समजत नाही, त्यामुळे ज्ञानाने कुठून कुठे वाहायचं तेही समजत नाही. या लोकांनी विहीर पाहिली आहे, नदी पाहिलेली नाही.

मग प्रत्येकाने सांगायचं, शिक्षक का व्हायचंय. माझ्या शेजारी युस्तिना नावाची मुलगी होती. सव्वीस वर्षांची, पुरातत्त्वाची पदवी, सध्या औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी असते. तिचा आवाज शेजारच्या बिऱ्हाडात कुणी बोलत असावं तसा. म्हणाली, मुलांना जे प्रश्न पडतात त्यांची मला गंमत वाटते. प्रश्नांची गंमत! आम्हाला जन्मभर उत्तरांची वाटली.

मी अठरा मिनिटं बोललो. डॉ. मिरफत म्हणाल्या, आभारी आहे रऊफ सर, आता उरलेल्या बेचाळीस जणांना आपण प्रत्येकी अर्धं मिनिट देऊ. मत्सर. पहिल्याच दिवशी.

२० ऑक्टोबर

पाठाचं टाचण काढायला शिकवलं. प्रत्येक उद्दिष्टाची सुरुवात ‘विद्यार्थी’ या शब्दाने करायची, शिक्षकाचं नाव कुठेही काढायचं नाही. नवरदेवावाचून लग्नपत्रिका.

तरी लिहिलं. विद्यार्थी ऐकेल. विद्यार्थी लिहून घेईल. विद्यार्थी पाठ करील. विद्यार्थी गप्प बसेल. बाईंनी चारही उद्दिष्टांखाली तांबड्या शाईने एकेक प्रश्नचिन्ह काढून वही परत केली. सुहैरला दाखवली. ती म्हणाली, शेवटचं तुम्ही स्वतःसाठी लिहिलंत का?

६ नोव्हेंबर

आज माझा सूक्ष्मपाठ. दहा मिनिटांचा पाठ, वर्गबंधूंनी विद्यार्थी व्हायचं, आणि बाई हातात घड्याळ धरून मोजणार. नियम असे : शिक्षकाने चार मिनिटांहून जास्त बोलायचं नाही. प्रश्न विचारला की पाच सेकंद थांबायचं.

मी पाच सेकंद थांबलो असतो तर एकवीस वर्षांत किती सेकंद वाया गेले असते, याचा हिशेब बाईंनी केलेला दिसत नाही.

निकाल, त्यांच्याच कागदावरून : मी बोललो नऊ मिनिटं चाळीस सेकंद. उरलेल्या वीस सेकंदांत पाणी प्यालो. विचारलेले प्रश्न चौदा. मी स्वतः उत्तर दिलेले प्रश्न चौदा. सर्वांत लांब प्रतीक्षा, एक सेकंदाच्या आत.

माझी नोंद : चौदापैकी चौदा उत्तरं अचूक. संबंध तुकडीत असा निकाल दुसऱ्या कुणाचाही नाही.

त्यानंतर युस्तिनाचा पाठ. तिने पिशवीतून फुटक्या मडक्याचा एक तुकडा काढला, टेबलावर ठेवला, हे काय असेल असं विचारलं आणि गप्प राहिली. नुसती गप्प! सहा सेकंद. सात. माझ्या कपाळाला घाम आला. शेवटी मीच मागून सांगितलं, पाण्याच्या माठाचा गळा. बाई म्हणाल्या, रऊफ सर, तुम्ही विद्यार्थी झालात तरी थांबत नाही.

मी हे कौतुक म्हणून घेतलं. बुद्धी थांबत नाही.

७ नोव्हेंबर

सुहैरपुढे सराव केला. मी प्रश्न विचारायचा, तिने मुद्दाम उत्तर द्यायचं नाही आणि एकेक बोट उघडत पाचापर्यंत मोजायचं. विचारलं, माणूस नियम का पाळतो? तिचं दुसरं बोट उघडलं तोवर माझं उत्तर आणि त्याचे तीन उपप्रकार सांगून झाले होते. पुन्हा केलं. पुन्हा दोनच बोटं. सातव्या खेपेला म्हणाली, अहो सुलतान, गप्प बसल्याने दात पडत नाहीत, एकदा बघा तरी.

मग म्हणाली, माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला उत्तर द्यायला आठ सेकंद लागतात, मी आठ थांबते. मी म्हटलं, म्हणूनच तू तिसरीच्या वर्गात राहिलीस. ती उठून गेली. वादात जिंकलो.

१५ डिसेंबर

शैक्षणिक मानसशास्त्राचं पुस्तक आणलं. सातशे वीस पानं. प्रस्तावना वाचली. बऱ्यापैकी आहे. बाकीचं अनुमानाने समजतं. सगळं वाचतात ते अनुमान न येणारे.

माझी पद्धत वेगळी. गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवल्या. कोणता प्रश्न कोणत्या वर्षी आला याचा तक्ता केला. आयुष्यभर मुलांना मी हेच दिलं : ज्ञान नव्हे, अंदाज. ज्ञान कुठेही मिळतं.

४ जानेवारी

तक्ता हरवला. सुहैरने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिसरीच्या पोरांसाठी बदक काढून कापून घेतलं होतं म्हणे. बदक चांगलं आहे. परीक्षा आठ दिवसांवर.

९ जानेवारी, दुपारी ४

ही नोंद कुणाला दिसता कामा नये.

आज क्लासला गेलो. घ्यायला नव्हे. बसायला.

पदविकेच्या परीक्षेचा क्लास घेणारे बय्यूमी सर आहेत. भाजीबाजाराच्या मागच्या भिंतीवर त्यांचा फलक आहे : ‘शिक्षणशास्त्राचा देवमासा’. टोपी ओढून घेतली, तोंडाला मफलर गुंडाळला, आणि तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसलो. डावीकडे बघितलं तर टोपी आणि मफलर. उजवीकडे टोपी आणि मफलर. आमच्या चव्वेचाळीसपैकी निदान चाळीस जण होते. कुणीच कुणाला ओळखलं नाही. याला म्हणतात संस्कार.

आणि काय ते शिकवणं! हातात माइक, खोलीत नव्वद माणसं, सुईला जागा नाही. विषय : विद्यार्थीकेंद्री अध्यापन. बय्यूमी गरजले, मुलाने ज्ञान स्वतः... आणि आम्ही नव्वद जण एका सुरात : शोधावं! ते : घोकंपट्टी ही... आम्ही : वाईट! ते : ऐकू नाही आलं! आम्ही : वाईट! वीस वेळा म्हणवून घेतलं. आता मेलो तरी विसरणार नाही. मागून कुणीतरी शंका विचारायला हात वर केला, तेव्हा बय्यूमी म्हणाले, राजा, शंका घरी, इथे परीक्षा.

डोळे भरून आले. सबंध शिक्षणशास्त्रात हा एकच शिक्षक.

युस्तिना दिसली नाही. बिचारीला पत्ता कुणी दिला नसेल.

१२ जानेवारी

परीक्षा. बय्यूमींचा अंदाज अचूक. पहिलाच प्रश्न : घोकंपट्टीचे तोटे स्वतःच्या शब्दांत लिहा.

तोटे आठ. आठही आठवत होते, पण बय्यूमींच्या शब्दांत. स्वतःचे शब्द शोधण्यात एक तास गेला. प्रश्न काढणाऱ्याचा खोडसाळपणा स्पष्ट आहे.

३० जानेवारी

लेखी निकाल लागला : काठावर पास. काठ वाईट नाही. काठावरूनच दोन्ही तीर दिसतात.

युस्तिना दुसरी आली. पाठांतर असणार.

११ फेब्रुवारी

सराव पाठ सुरू. मला मुलांची सरकारी शाळा मिळाली. आठवी ‘क’, एकसष्ट मुलगे, एका बाकावर तिघे. या वर्गांना तत्त्वज्ञान नसतं म्हणून सामाजिक शास्त्रं शिकवायची. भिंतीपलीकडच्या ‘ड’ वर्गावर युस्तिना.

माझा माइक आणि छोटा स्पीकर घेऊन गेलो होतो. मुख्याध्यापकांनी फाटकातच अडवलं. म्हणाले, सर, लग्न इथे नाही, पुढच्या गल्लीत आहे. स्पीकर त्यांच्या कपाटात जमा.

माइकविना एकसष्ट मुलगे. घसा गेला. घरी आल्यावर सुहैरने बडीशेपेचा काढा दिला आणि म्हणाली, उद्या थोडं त्यांना बोलू द्या, घशाला आराम पडेल. वैद्यकीय सल्ला म्हणून ठीक आहे. शैक्षणिक म्हणून हास्यास्पद.

५ मार्च, रमजान

उपास. अर्धा वर्ग पेंगतो, उरलेला पेंगणाऱ्यांना टेकतो. वर्गनियंत्रण पूर्ण. टाचणवहीत लिहिलं : विद्यार्थी गप्प बसेल, हे उद्दिष्ट साध्य.

‘ड’ वर्गात मात्र गोंधळ. मुलं भांडतायत, एकमेकांना खोडतायत, कुणी म्हणतंय नाही रे, धरण आधी. मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की भिंतीपलीकडच्या बाईंना वर्ग सांभाळता येत नाही. ते लगेच उठून बघायला गेले. घंटा होईपर्यंत बाहेर आलेच नाहीत. परतताना मला म्हणाले, धरणाचं मला माहीत नव्हतं हो. मुख्याध्यापक अशा पातळीचे.

मी दारातून डोकावलो. युस्तिना इतकं हळू बोलत होती की पोरं बाकावरून पुढे वाकली होती. माझ्या सभागृहात तिचं बोलणं दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचलं नसतं.

१७ एप्रिल

माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर शाज़ली नावाचा मुलगा आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावाहून येतो. दोन महिन्यांत तोंडातून शब्द काढलेला नाही. हजेरीलासुद्धा नुसतं बोट वर करतो. डॉ. मिरफत पाहणीला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, हा का बोलत नाही? मी म्हटलं, गरज पडत नाही, त्याच्या वतीने मी बोलतो.

बाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. बहुधा माझं वाक्य उतरवून घेतलं.

म्हणाल्या, सहा मे रोजी बाहेरून परीक्षक येतील, एक पाठ बघतील, सगळं त्या एका पाठावर आहे. घरी येताना मनात हिशेब केला : पास, मग दाखला, मग जूनअखेरीला हाजी शौकींची खुर्ची. एवढी सरळ साखळी तर्कशास्त्रातसुद्धा क्वचितच सापडते.

२ मे

पाठ निवडला : शेतकऱ्यांमध्ये कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या. रोज दोन तास सराव. सुहैर म्हणाली, बाकी काही करू नका, एक प्रश्न विचारा आणि थांबा, अंगठ्याने पाच बोटांची टोकं एकेक करून दाबा, मगच तोंड उघडा. मी म्हटलं, बोटं चारच उरतात, पाचवं म्हणजे अंगठाच. ती म्हणाली, मग शेवटी पहिल्यावर परत या. तिसरीच्या बाईंना उत्तर असतंच.

आज चार सेकंद थांबलो. चौथ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली, पण थांबलो. सुहैरने टाळी वाजवली. चेष्टेने नव्हे बहुधा.

६ मे

विजय.

परीक्षक साठीचे, पांढऱ्या मिशांचे, शेवटच्या बाकापाशी खुर्ची टाकून बसले. डॉ. मिरफत दाराशी. मी प्रश्न विचारला : कालव्याच्या सुरुवातीच्या शेतकऱ्याने सगळं पाणी घेतलं, तर शेवटच्या टोकाला काय होईल?

आणि थांबलो. एक. दोन. तीन. चार. पहिल्या बोटावर परत आलो. पाच! एकवीस वर्षांत पहिल्यांदा. त्या शांततेत पंख्याची कुरकुर ऐकली. हा पंखा कुरकुरतो हेच मला ठाऊक नव्हतं.

आणि हात वर झाला. शाज़लीचा! सगळा वर्ग मागे वळला. परीक्षक पुढे सरसावले. शाज़ली उभा राहिला, बाकाची कड धरली आणि म्हणाला, सर, आमच्याकडे शेवटाला... आमच्याकडे बाबा पहाटे...

पाणीच पोचत नाही! मी म्हटलं. शाबास शाज़ली! टाळ्या!

टाळ्या झाल्या. शाज़लीने मान हलवली, नाही अशी की हो अशी ते नीट दिसलं नाही, आणि खाली बसला. पुढची सात मिनिटं मी अप्रतिम बोललो.

पाठ संपल्यावर परीक्षक त्याच्याकडे वाकले. बेटा, तू काय सांगणार होतास, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, काही नाही, सरांनी सांगितलं ना.

याहून मोठं प्रशस्तिपत्र शिक्षकाला कोणतं! परीक्षकांनी फाइल मिटली. भावना आवरत नसाव्यात.

१९ जून

प्रात्यक्षिकात नापास. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं.

परीक्षकांचा शेरा एका ओळीचा : शिक्षक प्रश्नानंतर थांबतात, उत्तरानंतर थांबत नाहीत. नियमात उत्तरानंतर थांबण्याचा उल्लेख कुठेही नाही. अर्ज लिहायला घेतला आहे. मसुदा अकरा पानं.

सुहैर हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. चहाचा पेला पुढे ठेवला आणि आमच्या लेकीच्या नावाने हाक मारून विचारलं, लमीसचे बाबा, त्या मुलाला काय सांगायचं होतं?

मी म्हटलं, हेच की पाणी पोचत नाही.

ती म्हणाली, तो तर बाबा पहाटे काय करतात ते सांगत होता.

मी म्हटलं, पहाटे काय करणार, पाणी नाही म्हटल्यावर?

ती काही बोलली नाही. बराच वेळ बोलली नाही. ते मी मोजलं नाही.

३० जून

हाजी शौकींकडे गेलो. अकरा पानांचा अर्ज बरोबर होता. ते म्हणाले, सर, अर्ज विद्यापीठाला द्या, मला दाखला हवा. जागा गेली. कुणाला, तर युस्तिनाला. तिने शाळेत नमुना पाठ घेतला तेव्हा हाजी स्वतः मागे बसले होते. म्हणाले, काय सांगू, एकही शब्द ऐकू आला नाही मला, पण पोरं अशी बोलत होती!

स्वतःच कबूल केलं की शब्द ऐकू आला नाही. आणि नेमणूक! हेत्वाभासाचं असं शुद्ध उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

मग मला दारापर्यंत पोचवायला आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, सर, तुमचं नाव मोठं आहे, रिकाम्या हाताने जाऊ नका, तुमच्यासाठी एक काम आहे, त्याला दाखला लागत नाही, आवाज मात्र लागतो.

विचार करून कळवतो म्हटलं. फाटकापर्यंत विचार केला आणि परत जाऊन होकार दिला.

२१ सप्टेंबर, सकाळी ८

शाळेचा पहिला दिवस. परिवहन पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो. बस क्रमांक चार, बालवर्गाची सव्वीस मुलं, मार्ग स्टेशन ते कालवा. प्रत्येकाला नावानिशी चढवायचं, नावानिशी उतरवायचं. व्यवस्थापनाचं पद आहे. पुढे यातून बरंच काही होऊ शकतं.

नुसत्या प्रवासात मुलांचा वेळ का दवडायचा? बाजाराच्या वळणावर मधल्या वाटेत उभा राहिलो, दांडा धरला आणि विचारलं, मुलांनो, सगळे प्राणी मर्त्य आहेत, तर मग मांजर...

चालक मनशावी मान न वळवता म्हणाला, सर, खाली बसा ना जरा, आरशातून मागचं काही दिसत नाही.

बसलो.